हिंगोलीचा हरिसिंग आणि आमचा फॅमिली ग्रुप

२०१८ च्या जूनमध्ये मी घरी बसून होते. इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर झाला होता, ऑफर लेटर हातात होतं, जॉइनिंगची तारीख मात्र येत नव्हती. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. मृगाचा पाऊस बरा झालेला, सगळे पेरणीच्या घाईत. मला काम एकच, मोबाइल.

अशाच एका संध्याकाळी मावशीचा मेसेज आला. लेकरं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे. साधू, भिकारी, चादरी विकणारे अशा वेषात फिरतात. किडन्या काढून विकतात. शेजारच्या तालुक्यातून दोन लेकरं गेली, पण पोलीस बातमी दाबून ठेवतायत. सोबत एक व्हिडिओ होता. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. सीसीटीव्हीचं असतं तसं ते चित्रण.

मी तो मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं : 'खरं की खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या.' हे वाक्य लिहिताना मला आपण किती जबाबदार आहोत असं वाटलं होतं. बाकीचे न बघता पुढे ढकलतात, मी निदान शंका तरी नोंदवली!

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात डवऱ्या आला. नाथपंथी डवरी गोसावी. भगवी कफनी, गळ्यात माळा, खांद्याला झोळी, हातात डौर. पेरणीच्या सुमाराला तो दरवर्षी यायचा. दारात उभा राहून डौर वाजवायचा, गाणं म्हणायचा, पसाभर ज्वारी घेऊन पुढच्या दारी जायचा. त्या दिवशी शाळेजवळ त्याने एका पोराला नाव विचारलं. तेवढं पुरलं.

मी डौर ऐकून ओट्यावर आले, तेव्हा पारापाशी पंचवीसतीस जण जमले होते. बहुतेक माझ्याच वयाचे. मधे तो. कुणीतरी त्याचं आधार कार्ड मागितलं. त्याने झोळीतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा. "बनावट हे," एक जण म्हणाला. झोळी उलटी केली. ज्वारी, तवा, भस्माची पुडी, एक जुनं ब्लाउज आणि लहान मुलीचा फ्रॉक निघाला. फ्रॉक दिसल्यावर आवाज चढले. कुठल्याशा घरी नातीसाठी दिला, असं तो सांगत होता. ऐकत कुणीच नव्हतं. माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणते, हातातला मोबाइल उंच धरून सगळ्यांना व्हिडिओ दाखवत होता. तोच व्हिडिओ. मग पहिली थप्पड बसली.

माझ्या शेजारून आजी कधी खाली उतरली, ते मला कळलंच नाही. पदर डोक्यावरून नीट घेत ती त्या घोळक्यात शिरली.

"काहून धरलं रे ह्याला?"

"आजी, तुमी घरी जा. लेकरं पळवणारा हे हा."

"अरे, दरसाली येतो तो. तुझ्या बापाच्या बारशाला याचा बाप आला होता. महाराज, उठा. चला, पाणी घ्या."

तिच्याकडे कसलाही पुरावा नव्हता. तिची ओळख होती, बस. ती मधे उभी राहिली म्हणून पोरं थांबली. तेवढ्यात पोलीस पाटील आले, आणि त्याला जिंतूरच्या गाडीत बसवून दिलं. सांडलेली ज्वारी त्याने उचलली नाही.

मी शेवटपर्यंत ओट्यावरच उभी होते.

१ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. तिथे आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने लेकरं पळवणारे समजून धरलं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढंच निमित्त. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मरेपर्यंत मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मारहाणीचे व्हिडिओ त्याच संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर आले. आजी जेवायला बसली होती. मी फोन उलटा ठेवला.

रात्री मला माझा मेसेज डिलीट करायचा होता. तेव्हा व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत ४०९६ सेकंद होती, म्हणजे एक तास आठ मिनिटं सोळा सेकंद. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. इंजिनिअर माणसाला हा आकडा गोड वाटतो. माझे ४०९६ सेकंद कधीच संपले होते. स्क्रीनवर एकच पर्याय उरला होता : 'फक्त माझ्यासाठी डिलीट'.

त्या व्हिडिओची खरी गोष्ट पुढे बाहेर आली. तो कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणाऱ्या एका संस्थेने केलेली ती छोटी फिल्म. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला होता. बाकी काहीच बदलायची गरज पडली नव्हती.

*

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून गावी आले आणि घरूनच काम सुरू झालं. रात्री झोप येत नसे तेव्हा मी आपल्या भागाबद्दल जुनं काही सापडतं का, ते शोधायचे. असंच 'हिंगोली' शोधताना एक इंग्रजी कादंबरी हाती लागली. हिंगोली आता वेगळा जिल्हा आहे, पण १ मे १९९९ पर्यंत तो परभणीचाच भाग होता. आजीच्या हिशेबात अजूनही आहे.

कादंबरीचं नाव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. लेखक फिलिप मेडोज टेलर. हा १८०८ साली लिव्हरपूलमध्ये जन्मला, पोरवयात मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला आणि तिथून निजामाच्या चाकरीत शिरला. पुढे शोरापूर, नळदुर्ग अशा ठिकाणी त्याने कारभार पाहिला. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' नावाची कादंबरीही लिहिली. पण त्याचं नाव झालं ते १८३९ च्या या ठगांच्या पुस्तकामुळे. अमीर अली नावाचा पकडलेला ठग साहेबापुढे बसून आपले खून एकामागून एक सांगतो, अशी रचना. हा अमीर अली ७१९ खुनांचा हिशेब देतो. लंडनमध्ये पुस्तक एवढं गाजलं, की व्हिक्टोरिया राणीने छपाई पुरी व्हायच्या आतच पानं मागवून घेतली, असं सांगतात.

माझा हिंगोलीचा शोध पुस्तकाच्या प्रस्तावनेपाशी येऊन थांबला. हिंगोलीला तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होती. टेलर लिहितो, की त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीतलाच एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार होता. एकदा हरिसिंगाने मुंबईहून कापड आणायचं म्हणून तिथल्या मुलकी अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि तो ते घेऊन वाटेवर होता. हरिसिंगाने त्याला, त्याच्या माणसांना आणि गुराख्यांना मारलं, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला. पकडल्यावर त्याने स्वतः सांगितलं नसतं, तर हे कधी कळलंच नसतं. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले, आणि प्रेतं पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या आणि खड्डे उघडले, तेव्हा टेलर तिथे हजर होता.

रात्री दोन वाजता, गावातल्या घरात, एकटीने हे वाचताना मी खरोखर घाबरले. दार लावलंय का, ते उठून बघितलं. आणि त्या क्षणी मला दोन वर्षांपूर्वीचा मावशीचा मेसेज आठवला. वाटलं, म्हणजे तो मेसेज नवा नव्हताच. 'ते आपल्यातच आहेत, ते वेष बदलून फिरतात, त्यांची भाषा वेगळी आहे, सरकारला पत्ता नाही.' या मजकुराचं वय दीडशे वर्षांहून जास्त आहे.

ठग होते का? होते. वाटसरूंशी गोड बोलून ओळख काढायची, सोबत चालायचं आणि रुमालाने गळा आवळून लुटायचं, असं करणाऱ्या टोळ्या होत्या. हिंगोलीतले खड्डे कुणाच्या कल्पनेतून आलेले नव्हते. इतिहासकारांचं भांडण पुढच्या पायरीवर आहे. या टोळ्या म्हणजे देशभर पसरलेला, पिढीजात, देवीच्या आज्ञेने चालणारा एकच गुप्त पंथ होता का? विल्यम स्लीमनला तसं वाटत होतं. १८२०च्या दशकात तो नर्मदेकाठी नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. आपल्या कचेरीपासून काहीशे यार्डांवरच्या गावात ठग राहत होते आणि आपल्याला गंधही नव्हता, हे पुढे कळल्यावर तो हादरला. मग जबलपूरला बसून त्याने ठगांचा छडा लावायचं तंत्र उभं केलं. पकडलेल्यांच्या वंशावळी काढल्या. त्यांच्या बोलीतले शब्द गोळा करून १८३६ साली 'रामासीआना' हे पुस्तक छापलं. माहितीचा मुख्य स्रोत माफीचे साक्षीदार. फाशी टाळायची तर नावं सांगायची. पुढची टोळी दाखवता येईल तोवर साक्षीदार सरकारच्या उपयोगाचा.

मी टेस्टिंगच्या टीममध्ये काम केलंय. जितके बग शोधाल तितकं रेटिंग चांगलं, असं ठरलं की बग वाढतात. सगळे खोटे नसतात, पण कुठला खरा आणि कुठला रेटिंगसाठी काढलेला, हे आकड्यावरून ओळखता येत नाही. स्लीमनच्या साक्षीदारांनी सांगितलेल्या नावांचं काय झालं असेल, याचा मला अंदाज येतो. १९३३ साली स्लीमनच्याच नातवाने ठगांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच दहा लाख खून होते.

पण हे सगळं पुन्हा वाचताना मला हरिसिंग खटकला. तो काही साधू नव्हता, भटका नव्हता. त्याची पेढी होती, पत होती, सरकारी परवाना होता. साहेब त्याच्याशी व्यवहार करत होते. टेलरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या ठगाची ही गोष्ट खरी धरली, तर तिचं तात्पर्य काय निघतं? प्रतिष्ठित माणसाचे कागदही तपासा. प्रत्यक्षात तात्पर्य भलतंच काढलं गेलं.

*

थोडा वेळ अमेरिकेकडे बघू, कारण याच वर्षांत तिकडेही हेच चाललं होतं. १८२६ साली न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मॉर्गन नावाचा माणूस फ्रीमेसन लोकांची गुपितं छापणार असं जाहीर झालं, आणि तो गायब झाला. त्याला पळवून नेलं होतं, हे खरं. त्यातून 'मेसन लोकांनी देश आतून ताब्यात घेतलाय' अशी समजूत उभी राहिली आणि तिच्यावर एक अख्खा राजकीय पक्ष चालला. १८३४ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनला जमावाने कॅथलिक जोगिणींचा मठ जाळला. १८३६ साली, म्हणजे 'रामासीआना' निघालं त्याच वर्षी, मारिया मंक या बाईच्या नावाने एक पुस्तक आलं. माँट्रिअलच्या मठात तान्ह्या बाळांना मारून तळघरात पुरतात, असं त्यात होतं. एका संपादकाने मठ स्वतः जाऊन पाहिला. पुस्तकातलं वर्णन आणि इमारत कुठेच जुळेना. तरी पुस्तक धडाक्याने खपत राहिलं.

या यादीतलं एक नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. सॅम्युएल मोर्स. तारायंत्राचा मोर्स, ज्याच्या नावाचा कोड आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो. त्याने १८३५ साली एक पुस्तक छापलं. युरोपातले राजे कॅथलिक स्थलांतरितांना अमेरिकेत पेरून तिथली लोकशाही पाडायच्या कटात आहेत, असा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी तो याच विचारांच्या लोकांकडून न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला आणि पडला. निरोप विजेच्या वेगाने पोचवायचं यंत्र ज्या डोक्यातून निघालं, त्याच डोक्यात हेही होतं. शिकलेली माणसं अफवा पसरवत नाहीत, असं मला जिंतूरमध्ये वाटायचं. मग मी स्वतःच तो मेसेज पाठवला, आणि आता इथे मोर्स भेटला.

रिचर्ड हॉफस्टॅटर या इतिहासकाराने १९६४ साली या वृत्तीवर एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. त्याचं एक निरीक्षण मला पटतं. असे लोक पुराव्यांबद्दल बेफिकीर नसतात, उलट पुरावे गोळा करण्यात ते फार काटेकोर असतात. फक्त गोळा झालेल्या पुराव्यांपासून निष्कर्षापर्यंत जाताना ते मधेच एक मोठी उडी मारतात. आमच्या पारावर हेच झालं होतं. आधार कार्ड तपासलं, झोळी तपासली, फ्रॉक शोधला. तपास अगदी पद्धतशीर चालला होता. कोडच्या भाषेत सांगायचं तर 'जर' आणि 'नाहीतर' या दोन्ही फांद्यांमधून एकच उत्तर परत येत होतं. आधार दाखवलं तर बनावट, नसतं दाखवलं तर आधारच नाही. पोलीस म्हणाले टोळी नाही, तर पोलीस दाबतायत. अशा कोडला टेस्ट लावून उपयोग नसतो, तो कधी नापासच होत नाही.

ठगांची गोष्ट अमेरिकेतही पोचली होती. मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईत उतरला. त्या प्रवासावरच्या पुस्तकात तो लिहितो, की लहानपणी आपल्या आडगावातसुद्धा ठगांच्या अंधुक कहाण्या येऊन पोचल्या होत्या. हिंगोलीच्या बाजारातली भीती मिसिसिपीच्या काठच्या पोरापर्यंत, आणि तीही फॉरवर्ड बटणाशिवाय.

*

कट रचणाऱ्यांची गोष्ट सांगून माणसं घाबरली आणि झोपी गेली, एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण गोष्टीचा कायदा झाला. १८३६ च्या ३० क्रमांकाच्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरवला. कायदा होण्यापूर्वी टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी सक्तमजुरीची जन्मठेप. कुणाला मारलं, कधी, कुठे, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. 'काय केलं' हा प्रश्न मागे पडून 'कोण आहेस' हा प्रश्न पुढे आला.

ही वाट पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत गेली. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा युक्तिवाद तेव्हा शिकलेल्या माणसांनी गंभीरपणे मांडला. मग अख्ख्या जमातींची नोंदणी, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायला पास. आधी उत्तर भारतात असलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरला या लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षं हा कायदा जिवंत होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन पाळतात. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचं नाव हेच मुळी अशा एका शिक्क्याचं आहे. कायदा गेला, पण आमच्याकडे चोरी झाली की पहिली गाडी अजूनही पारध्यांच्या पालाकडे जाते. ते आपसात वेगळी बोली बोलतात, हाही पुरावाच धरतात. स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोश केला होता, आमच्या पारावरच्या पोरांनी त्या कोशाचं नावही ऐकलेलं नाही.

एक उलटापालट मात्र मला बरेच दिवस दिसली नव्हती. ठगांच्या गोष्टीत मरतो कोण? वाटसरू. आपलं गाव सोडून रस्त्यावर आलेला, ज्याला या भागात ओळखणारं कुणी नाही असा माणूस. मारतो कोण? हिंगोलीत पेढी असलेला, परवाना बाळगणारा हरिसिंग. आणि राईनपाड्यात? तिथेही रस्त्यावरची माणसं मेली, आणि तीही ग्रामपंचायतीच्या खोलीत. आपण भीती बाळगली ती फिरणाऱ्या माणसाची, आणि दोन्ही वेळेला जीव गेला तो फिरणाऱ्याचाच. दोनशे वर्षं या मुलखात वाटसरू असणं धोक्याचं आहे, आणि आपण मात्र तोच धोका आहे असं समजत आलो.

*

मग कट नसतातच का? हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कुणी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण आमच्याकडे मानवत आहे. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत मानवतमध्ये बायका आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. दुष्काळाचं वर्ष होतं. गुप्तधनासाठी नरबळी दिले गेले, असं तपासात पुढे आलं. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासासाठी आले. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काहींना शिक्षा झाल्या, काही सुटले. २०२४ साली त्यावर वेब सिरीज आली, तेव्हा माझ्या ऑफिसमधल्या मुलींनी विचारलं, "अगं, हे खरंच तुमच्याकडचं?" आमच्या आयांना लहानपणी अंधार पडल्यावर बाहेर सोडत नसत, ते मानवतमुळे. 'लेकरं पळवतात' हे वाक्य आमच्याकडे हवेतून आलेलं नाही. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांची भीती खरी आहे आणि मला तिची टिंगल करायची नाही.

पण मानवत नीट पाहिलं तर त्यातला कट लहान दिसतो. मोजकी माणसं, एक गाव, एक लोभ. आरोपींना नावं होती. साक्षीदार उभे राहिले, उलटतपासणी झाली, कोर्टाने काही मानलं, काही मानलं नाही. हरिसिंगाचा कटही असाच होता, एक व्यापारी, एक परवाना, एक कापडाचा माल. खरा कट चुकतो, गळतो, पैशावरून फुटतो. त्यात 'कुणी केलं' याचं उत्तर माणसाच्या नावाने देता येतं. माझ्या मेसेजमधल्या टोळीत मात्र कुणालाच नाव नव्हतं. फक्त वेष होता. साधू, भिकारी, चादरीवाले. कुठल्याही गावात उद्या सकाळी येणारं कुणीही त्यात बसलं असतं. आता एखादा मेसेज आला की मी एवढंच बघते, यात माणसाचं नाव आहे की नुसता वेष आहे. ही काही अचूक टेस्ट नाही. पण त्या जूनमध्ये एवढी जरी असती, तरी माझा अंगठा थांबला असता.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर झाली. चांगलंच झालं. पण माझा मेसेज मी एकाच ठिकाणी पाठवला होता.

मागच्या महिन्यात फोन बदलला. बॅकअप घेताना फॅमिली ग्रुप वर वर सरकवत २०१८ च्या जूनपर्यंत गेले. मेसेज तिथेच होता, कारण त्या रात्री 'फक्त माझ्यासाठी डिलीट'सुद्धा मी केलं नव्हतं. खाली माझं वाक्य : 'खरं की खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या.' त्याखाली काकूचे जोडलेले हात, पप्पांचा अंगठा. आणि सात मिनिटांनी दादाचं उत्तर, जे मी तेव्हा वाचलं असणार आणि विसरले असणार : 'गावच्या ग्रुपवर टाकतो.'

डवऱ्या त्यानंतर कधीच आला नाही. आजी दर मृगाला विचारते, "औंदाबी डवऱ्या दिसला नाही गं?" मग स्वतःच म्हणते, म्हातारा झाला असंल. सात वर्षं मी नुसती मान हलवत होते. यंदा गेले तेव्हा तिला सांगितलं. फोन दाखवून वाचून दाखवलं, मी काय पाठवलं होतं, दादाने पुढे काय केलं. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर म्हणेल जाऊ दे, तुला काय माहीत होतं.

ती बराच वेळ सुपातल्या ज्वारीतले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते खरं का खोटं, तुला ठाव नव्हतं."

"नव्हतं."

"मग तू ओट्यावर काहून हुबी होतीस? खाली यायचं न् तेवढंच सांगायचं होतं."